बिनमुदतीचं गाऱ्हाणं

येसूबाईच्या खळ्यात सुकत घातलेल्या मासळीला कावळा शिवत नसे. वाडीतल्या बायका म्हणत, तिच्या तोंडाला भितात मेले. हे येसूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मग? कावळ्याला कळलं ते तुमाला कळाया अजून किती पावसाळे लागणार?"

मिऱ्याच्या डोंगराखाली चिंचोळ्या पट्टीवर खारव्यांची तीस-पस्तीस घरं होती. त्यातलं जांभ्या दगडाच्या उंच जोत्याचं घर तिचं. नवरा तांडेल, मचव्याचा म्होरक्या होता. तो जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तो गेल्यावर दोन मचवे, एक मुलगा आणि वाडीतला मान, सगळं तिनं एकटीनं राखलं होतं. शाळेत ती दुसऱ्या बुकापर्यंत गेली होती. "दुसरं बुक संपलं, मग मास्तराकडं शिकवाया काय उरलंच नाय," असं ती सांगे. मुंबईहून आलेलं पत्र ती बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाची आणि मध्येच कोणी मदतीला आलं तर त्याच्याकडे असं बघे की तो पुन्हा पत्राच्या वाटेला जात नसे.

मुलगा आत्माराम मचव्यावर जाई. सून मालन केळशीची, कामाला वाघीण आणि तोंडानं मुकी. नातू आनंदा चार वर्षांचा. आजीच्या कमरेला बिलगून तो सगळ्या वाडीवर हुकूम सोडी आणि येसूबाई म्हणे, "बगा, तांडेल परत आला."

एकोणीसशे सत्तावीस सालच्या दसऱ्यानंतर आठ दिवसांनी आनंदाला ताप भरला. त्याच दिवशी दुपारी तो खळ्यात पडला होता आणि गुडघा फुटला होता, म्हणून मालनला वाटलं जखमेचा ताप असेल. चौथ्या दिवशी ताप उतरेना तेव्हा आत्मारामनं रत्नागिरीहून डॉक्टर आणला. डॉक्टर तरुण होता, चपला काढून आत आला, काचेची नळी पोराच्या काखेत ठेवून घड्याळ बघत बसला.

"विषमज्वर आहे. एकवीस दिवस जपायचं. पाणी उकळून द्या, पेजेच्या निवळीशिवाय काही देऊ नका."

"उकळून देते," येसूबाई म्हणाली. "पण एकविसाव्या दिवशी काय होणार, ते पण सांगा."

"ते आपल्या हातात नाही, आजी. देवाच्या हातात."

"मग देवाकडंच जाते. मधे तुमाला कशाला ठेवू?"

बोलली असं, पण डॉक्टरनं सांगितलेलं एक अक्षर तिनं चुकवलं नाही. पाणी ती स्वतः उकळी. औषधाची बाटली देवघरात ठेवी, म्हणजे दोघांचंही लक्ष राहील.

सतराव्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन गेला. जाताना तो आत्मारामशी खळ्याच्या टोकाला उभा राहून बराच वेळ हळू आवाजात बोलला. आत पोर नुसतं पडून होतं आणि त्याची बोटं घोंगडीचे धागे वेचत होती, एक एक, जणू कोणी काम सांगितलंय. येसूबाईनं नवऱ्याची बोटं अशीच चाललेली बघितली होती. तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि सुनेला म्हणाली, "तू हितंच बस. त्याचा हात सोडू नको. मी कौल लावून येते."

पावणाईचं देऊळ डोंगराच्या पायथ्याशी, सुरंगीच्या झाडाखाली. देऊळ म्हणजे चार भिंती, वर मातीच्या नळ्यांचं छप्पर, पुढे समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. भरतीचं पाणी मोठं असलं की शेवटच्या पायरीला लागे. आत कंबरेएवढी काळी शिळा. तिला डोळे नाहीत, तोंड नाही. वरच्या अंगाला दोन बाजूंना खांद्यासारखे दोन उतार आहेत, तेवढ्यावरून देवी म्हणायची. वाडीतलं लग्न असो, मचवा पाण्यात सोडायचा असो की दुखणं असो, तिच्या कौलाशिवाय पान हलत नसे. रीत अशी, की गुरवानं शिळेवर पाणी घालावं आणि तगरीच्या दोन मिटल्या कळ्या ओल्या दगडाला चिकटवाव्यात, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालावं. उजवी कळी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नाही. एक पडली की दुसरी गुरव आपल्या हातानं उतरवी, कारण उत्तर मिळाल्यावर देवीला ताटकळत ठेवू नये.

आणि गाऱ्हाण्यात मुदत घालावी लागे. तीन दिवस, पाच दिवस, पुनवेपर्यंत. मुदतीशिवाय देवीकडे काही मागत नसत. का, ते कोणी विचारलं नव्हतं. भाताला पाणी लागतं तशी गाऱ्हाण्याला मुदत लागते.

आप्पा गुरवानं कळ्या लावल्या. बातमी कळून वाडीतली दहा-पंधरा माणसं येऊन उभी राहिली होती. आप्पानं हात जोडले आणि नेहमीच्या लयीत सुरुवात केली.

"बा पावणाय, आज ह्या घटकेला तुजं लेकरू आनंदा तापानं आडवा पडलाय..."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"तर आजपासून तीन दिसांच्या आत..."

"थांब आप्पा," येसूबाई म्हणाली.

आप्पा थांबला. गाऱ्हाणं मध्येच कोणी तोडत नाही. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बारा वर्षांमागं ह्याच्या आज्यासाठी तू असंच गाऱ्हाणं घातलंस. तीन दिस म्हणालास. उजवा कौल आला. तीन दिस माणूस उठून बसला, जेवला, चौथ्या दिशी गेला. देवीनं शब्द पाळला. खोट तिची नाय, खोट तुज्या तीन दिसांची. तुला मुदत घालाया कोणी सांगितलं होतं?"

"मोठीबाय, रीत हाय ती."

"रीत तुज्या घरात ठेव. मी बोलते."

ती शिळेसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले, पण मान खाली घातली नाही. मचव्याचा सौदा करताना ती जशी स्वच्छ बोले तशी बोलली.

"पावणाय, मी येसूबाय. कौल द्यायचा तेवा दे, माजी घाई नाय. पण तुजा कौल पडेपर्यंत माजं पोर आत्ता हाय तसं राखून ठेव. त्याला पुढं जाऊ देऊ नको. एवढंच."

कोणी "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही. येसूबाईनं मागं वळून बघितलं, तेव्हा दोघंतिघं घाईघाईनं म्हणाले.

कळ्या पडल्या नाहीत. दुपार झाली. समुद्राचं पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं. तगरीची कळी संध्याकाळी उमलते आणि उमलली की आपोआप सुटते, हे आप्पाला ठाऊक होतं. तिन्हीसांजेला तो समई घेऊन जवळ गेला. कळ्या मिटलेल्याच होत्या. आत्ता खुडून आणाव्यात तशा ओल्या.

"उतरवू काय? उद्या पयल्यापासनं लावू."

"हात लावलास तर मोडून ठेवीन," येसूबाई म्हणाली. "ती इचार करत्ये. करू दे."

घरी आली तर आनंदाची बोटं थांबली होती. डोळे उघडे होते. अंग तापलेलं होतं, पण त्यानं आजीला ओळखलं.

"आजी," तो म्हणाला, "अजून सकाळच हाय?"

बाहेर दिवे लागले होते. येसूबाई म्हणाली, "व्हय रे बाबू. सकाळच हाय."

एकविसावा दिवस गेला, तिसावा गेला. पोर मेलं नाही आणि ताप उतरला नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येई आणि काचेची नळी लावी. एकशे दोन आणि वर अर्धा. एकदा त्यानं नळी झटकून पुन्हा लावली. एकदा दुसरीच नळी घेऊन आला. पारा त्याच रेघेवर जाऊन थांबला. पोरानं दोन घोट निवळ प्यायची आणि तोंड फिरवायचं, एवढ्यावर कोणी जगत नाही, पण त्याच्या हाताला लागणारं मांस कमी झालं नव्हतं. डॉक्टरनं त्याला तराजूत घालून वहीत आकडा लिहिला होता. फाल्गुनात पुन्हा घातलं. मग तो ती वही बराच वेळ बघत बसला.

"मुंबईला न्यायला हवं, आजी."

"मुंबईला काय, दुसरी नळी हाय? पोर माजं जितं हाय, डॉक्टर. तुमी सतराव्या दिशी माज्या लेकाला काय सांगितलंत, मी इचारलं नाय. पण ते झालं नाय, हे तरी वहीत लिवा."

पुढं डॉक्टरची बदली झाली. जाताना तो भेटायला आला, दारातूनच नमस्कार करून गेला.

वाडीचं मात्र कौतुक सरेना. येसूबाईनं देवीला शब्दात धरलं, असं लोक म्हणत. काळबादेवीहून, पूर्णगडहून बायका पोराला बघायला येत, त्याच्या पायाशी नारळ ठेवीत. येसूबाई जोत्यावर बसून सांगे, "देवी कानाची हलकी नाय आणि मी तोंडाची. दोघी एकमेकींना ओळखतो." आणि नारळ फोडून आलेल्यांनाच अर्धा परत देई, हातचं राखून नाही.

पहिली गोष्ट मालनच्या ध्यानात आली. गुडघ्यावरची खपली. सतरा दिवसांची झाली तेव्हा ती काळी पडून एका कडेनं सुटली होती, आत गुलाबी कातडी दिसत होती. वर्ष झालं तरी ती तशीच एका कडेनं सुटलेली होती. मालननं सासूला काही सांगितलं नाही. नखं कापायची ती सोडून दिली होती, कारण कापायला काही नसे. सणाला नवं बंडी-चड्डी शिवायची वेळ आली तेव्हा तिनं जुनीच धुऊन घातली आणि ती जुनीच बेताची बसली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मालन बाळंत झाली. मुलगी झाली, सत्यवती. ती रांगायला लागली तेव्हा आनंदाच्या चटईपाशी जाऊन त्याचे केस ओढी. चालायला लागली तेव्हा त्याच्या शेजारी निजे. तीन वर्षांची झाली तेव्हा दादा दादा करत त्याला पाणी पाजी. चौथ्या वर्षी दोघांची उंची सारखी झाली. तिला पाचवं लागलं त्या पावसाळ्यात येसूबाईनं बघितलं, की पोर चटईवर मांडी घालून बसली आहे, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आहे आणि त्याला थोपटत म्हणते आहे, "गप हां. मी नाय आता तुला दादा म्हणायची. आता तू मला ताई म्हण."

"आजी कुठं हाय?" आनंदा विचारत होता. "अजून सकाळच हाय?"

"सकाळ गेली कवाच," सत्यवती म्हणाली. "तुला एवढं पण कळत नाय."

येसूबाई हसली. पण त्या दिवशी तिनं पोरीला हाक मारून दुसऱ्या कामाला लावलं.

गाऱ्हाणी वाडीची होती, येसूबाईच्या एकटीची नव्हती, हा दुसरा घोर. शिळेवर कळ्या असेपर्यंत दुसऱ्या कोणाला कौल लावता येईना. आप्पा रोज पाणी घाली ते पायथ्याशीच, वर हात नेत नसे. एका पावसाळ्यात वादळानं देवळाचे अर्धे नळे उडवले आणि दोन दिवस शिळेवर पाऊस कोसळला. खालची पत्री, फुलं, अक्षता सगळं वाहून पायऱ्यांवरून समुद्रात गेलं. कळ्या जागच्या जागी. आप्पा पुढच्या महिन्यात सगळ्या केसांनी पांढरा झाला. कोणी विचारलं तर म्हणे, वय झालं. त्याचं वय पंचेचाळीस.

सहा हंगाम मचवे कौलाशिवाय पाण्यात गेले. लग्नं कौलाशिवाय झाली. मानकरी गुणाजी तांडेल एकदा येऊन जोत्याखाली उभा राहिला.

"मोठीबाय, सगळ्या वाडीचं तोंड बांधलंय तुज्या गाऱ्हाण्यानं."

"तुज्या तोंडाला कोण बांधतो, गुणाजी? आत्ता पण चाललंच हाय की."

"मस्करी नाय. पोरं बुडाली काय, जगली काय, आमी इचारायचं कुणाला?"

"मला इचार," येसूबाई म्हणाली. "माज्या इतकी मोकळी तुला देवी पण बोलणार नाय."

गुणाजी निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना येसूबाईला पहिल्यांदा वाटलं, की वाडी आता आपल्याला मानते ते प्रेमानं नाही. पण वाटलं तेवढंच. भीतीनं मानतात ते पण मानतातच.

सहावं वर्ष सरत आलं. श्रावणातली नारळी पुनव होऊन दोन दिवस झाले होते. पाऊस उघडला होता, खळ्यात ऊन पडलं होतं आणि मालन जाळ्याची तुटकी भोकं सांधत बसली होती. तिनं मान वर न करता सासूला म्हटलं, "आत्याबाय, मला कौल पायजे."

सहा वर्षांत तिनं काही मागितलेलं हे पहिलं. येसूबाईनं सुपातलं निवडणं थांबवलं.

"कसला कौल?"

"आनंदाचा. उजवा नायतर डावा."

"आणि डावा पडला तर?"

मालननं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "तर पडला. माज्या पोटचं पोर सहा वर्षं सतरावा दिस भोगतंय. तुमी त्याला जितं ठेवलंत, माज्यावर उपकार झाले. पण त्याची भैण आता त्याला वळखेनाशी झाली. काल म्हणाली, आई, हे कुणाचं पोर हाय? तुमी लावत नसाल तर मी जाते. कळ्या मी उतरवीन."

येसूबाईच्या जिभेवर चार उत्तरं आली. त्यातलं एकही तिनं दिलं नाही. मग सूप बाजूला सारून उठली.

"तू उतरवलीस तर तो कौल नव्हे, चोरी. कौल मागायचा तर मी मागीन. मुदत मी घातली नाय, मीच घालीन. आप्पाला सांगून ये. आणि गुणाजीला सांग, वाडी घेऊन ये. काय ते सगळ्यांदेखत."

दुपारी भरती होती. देवळात आणि देवळाबाहेर माणसं दाटली. आत्माराम भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून. मालन घरी आनंदापाशी बसली, सहा वर्षांपूर्वी बसली होती तशीच, त्याचा हात धरून. आप्पा शिळेच्या डाव्या अंगाला उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो समुद्राकडे तोंड करून होता, शिळेकडे नाही. सत्यवती माणसांच्या पायांतून वाट काढत डाव्या भिंतीकडे जाऊन आप्पाच्या मागं उकिडवी बसली.

येसूबाईनं हात जोडले.

"पावणाय, मी येसूबाय. मागच्या खेपेला मी मुदत घातली नाय. चूक म्हणायची तर म्हण, मी मोजून भोगली. आता घालते. आजच्या भरतीचं पाणी तुज्या पायरीला लागायच्या आत मला सांग. माजं पोर मला दे. उठून बसलेलं दे. बाकी मला कायबी नको."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली, एका आवाजात.

पाणी चढत होतं. शेवटच्या पायरीच्या हातभर खाली फेस आला आणि गेला. सगळ्यांचे डोळे उजव्या खांद्यावर. डाव्याकडे कोण बघतो.

बाहेरून कोणी तरी म्हणालं, "पाणी लागलं बगा..."

आणि उजवी कळी सुटली. दगडावरून घसरत आली आणि जांभ्याच्या फरशीवर पडली. एवढीशी कळी, पण पडल्याचा आवाज ऐकू आला, असं पुढं कितीतरी जणांनी सांगितलं.

येसूबाईनं देवीकडे पाठ केली आणि वाडीकडे तोंड केलं. गुणाजी तांडेलानं डोक्यावरची टोपी काढून तिच्या पायांना हात लावला.

घराकडे ती चालत आली, धावली नाही. मागं सगळी वाडी. जोत्यावर पाय ठेवला तेव्हा आतून आवाज आला, "आजी, भूक लागली."

आनंदा चटईवर बसला होता. पाठ सरळ. केस विस्कटलेले. येसूबाईनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिचा तळवा भाजला नाही. कपाळ गार होतं.

"मालन, पेज आण," ती म्हणाली. "आणि नुसती निवळ नको आणू. भातासकट आण."

लोक दारातून बघत होते, जात होते, पुन्हा येत होते. आनंदा जेवला. पुन्हा मागितलं. पुन्हा जेवला. ऊन कललं तेव्हा गर्दी पांगली आणि खळ्यात आप्पा गुरव आला. त्याच्या हातात केळीच्या पानावर दोन कळ्या होत्या, सुकून काळ्या पडलेल्या, हात लावला तर भुगा होतील अशा.

"काय रे आप्पा? आता तुजा मान सांग. धोतर घेशील की बकरा?"

"मान नको," आप्पा म्हणाला. "मोठीबाय, दुसरी कळी उतरवाया गेलो. तर ती शिळेवर नवती. खाली पत्रीत पडलेली होती."

"मग? देवीनं तुजं काम वाचवलं."

"कवा पडली ते मला दिसलं नाय."

"मला दिसलं," सत्यवती म्हणाली. ती खळ्यात बसून मातीत रेघा ओढत होती. "ती आप्पाच्या बाजूची पयली पडली. मग सगळे गप बसले होते. मग दुसरी पडली."

येसूबाईनं पोरीला जवळ बोलावलं. तिच्या गालावरची माती पुसली. मग आप्पाकडे बघितलं.

"तुज्या डोळ्यांत मोतीबिंदू. ही पाच वर्षांची. वाडीनं काय बघितलं?"

आप्पानं मान खाली घातली. "उजवी."

"मग उजवीच. ह्या कळ्या समुद्रात सोड. आणि पोरीनं काय बघितलं ते तू ऐकलं नायस."

आप्पा पान घेऊन निघाला. येसूबाईनं दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही, तांब्या जोत्यावर तसाच राहिला.

ती आत आली. मालन चुलीपाशी उभी होती. हातात पेजेचं भांडं होतं, पण ती पुढं येत नव्हती.

"काय झालं?"

"अंग लई गार लागतंय, आत्याबाय."

"सहा वर्षांचा ताप उतरला. अंग गार लागणारच. तुला काय, ऊन ऊन पायजे होतं?"

येसूबाई चटईवर बसली. आनंदा तिच्याकडे बघून हसला. तिनं त्याला आडवं केलं, अंगावर घोंगडी घातली, वर आणखी एक घातली. घोंगडीखाली हात घालून त्याच्या पायांचे तळवे चोळले. मग हात वर नेऊन त्याच्या छातीवर ठेवला आणि ठेवून बसली.

बराच वेळ हात तिथंच होता.

मग तिनं तो थोडा डावीकडे सरकवला. मग आणखी थोडा. मग पुन्हा होता तिथं आणला आणि घट्ट दाबून धरला. बाहेर सत्यवती काही तरी गुणगुणत होती ते थांबलं.

येसूबाईनं हात काढून घेतला. घोंगडी नीट त्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

"निजलाय," ती सुनेला म्हणाली. "आवाज करू नको."

"नाय निजलो," आनंदा म्हणाला, आणि भांड्यात उरलेली पेज मागितली.